त्रेचाळीस रेघांचा फुगवटा

४ सप्टेंबर

पत्र आलं. एकतीस जानेवारीला तळघरातली प्रयोगशाळा बंद. संस्थेने भाषा मऊ वापरली आहे, "आपल्या दीर्घ सेवेबद्दल कृतज्ञ" वगैरे. मतलब एवढाच की एमोकेबाई, तीस वर्षं तुम्ही एका तारेकडे बघत बसलात, आता उठा. दोनदा वाचलं आणि पाकीट साखरेच्या डब्याखाली सरकवलं.

कुणाला समजावायला गेलं की चेहरे कोरे होतात, म्हणून इथेच लिहिते. आकाशात जेवढं दिसतं त्याच्या पाचपट काहीतरी न दिसणारं आहे. ते चमकत नाही, वाटेत आडवं येत नाही, नुसतं ओढतं. बाकीचे त्यासाठी नवा कण शोधतात. माझं म्हणणं असं की ते आपल्यासारखंच साधं द्रव्य असेल, दगडधोंडे, धूळ, तारे. पण शेजारच्या पापुद्र्यावर. आपलं जग हा एक पापुद्रा, त्यांचं दुसरा, आणि मध्ये एक जादा मिती, कदाचित केसाएवढीही जाड नसलेली. प्रकाश आपला पापुद्रा सोडत नाही, आवाज सोडत नाही. एकटं गुरुत्व झिरपतं. म्हणजे कुणी अगदी खेटून उभं असलं तरी दिसणार नाही, त्याचं वजन तेवढं जाणवेल. त्यासाठी हा तराजू: बारीक तार, तिला टांगलेली दांडी, दांडीच्या टोकांना दोन गोळे. जवळ काही जड आलं की तार पिळते. किती पिळली ते रेघांमध्ये मोजायचं.

दुपारी वेंडेल बीन्सचं सूप घेऊन आला. नियमाप्रमाणे दारातल्या वजनकाट्यावर उभा केला. माणसाच्या अंगानेसुद्धा तार हलते, म्हणून आत येणाऱ्या प्रत्येकाचं वजन वहीत टिपायचं. "नवरा जेवण द्यायला आलाय, बोकड विकायला नाही," म्हणाला. शहाऐंशी किलो. लिहिलं. पत्राचं त्याला सांगितलं तर सूपच्या डब्याचं झाकण पुन्हा नीट बसवलं. मग म्हणाला, "माझी पिंपं मात्र फुकट बाहेर काढलीस."

खरं आहे. शेजारचं तळघर त्याच्या वडिलांचं. चार पिढ्या तिथे वाइन मुरली आणि चार पिढ्यांनी पिंपं बनवली. माझा तराजू नेमका त्याच भिंतीला लागून आहे, आणि पिंप भरलं, रिकामं झालं की रेघ हलायची. तीन वर्षांपूर्वी मी मागितलं आणि त्याने एका आठवड्यात सगळं रिकामं करून कुलूप घातलं. तेव्हा मी नीटसे आभारही मानले नव्हते.

१० सप्टेंबर

काही नाही. रेघ सपाट. वेंडेल सकाळच्या बसने मिश्कोल्त्सला गेला, चष्म्याचा नंबर काढायला. संध्याकाळी परत आला तो जेवला नाही. नंबर वाढला का म्हणून विचारलं तर हसला, "वाढलाय की." नवा चष्मा मात्र नाही.

१३ सप्टेंबर

काहीतरी आलंय!

दुपारी पावणेचारला रेघ चढली, दोन तास चढलेली राहिली आणि सहाच्या आसपास उतरली. त्रेचाळीस रेघांचा फुगवटा. गेलेर्टला वाटलं मी काहीतरी सांडलं. गेलेर्ट म्हणजे वीस वर्षं माझ्याबरोबर हा तराजू सांभाळणारा माणूस, तारेला स्वतःच्या आईपेक्षा जास्त ओळखतो. त्याने सगळं तपासलं. हवा, वीज, रस्त्यावरचे ट्रक. काही नाही.

"उद्या आला तर बोलू," म्हणाला.

१४ सप्टेंबर

आला. त्रेचाळीस.

२७ सप्टेंबर

रोज येतो. रविवारी आम्ही यंत्र जुळवून घ्यायला बंद ठेवतो, तेवढं सोडून एक दिवस चुकला नाही. आणि रोज दोन मिनिटं लवकर संपतो! आकाशातली कुठलीही गोष्ट रोज थोडी लवकर येते. चार मिनिटं हवी होती, मिळतात दोन. पण दोन्ही पापुद्रे एकमेकांवरून सरकत असतील तर उरलेल्या दोन मिनिटांचा हिशेब लागतो. काल बसून समीकरण लिहिलं. लागतो.

मी सगळे आकडे मोठ्याने वाचते. गेलेर्टला आवडत नाही, संगणक टिपतोच आहे म्हणतो. पण डोळ्यांनी वाचलेला आकडा मला खोटा वाटतो, तोंडाने म्हटला की खरा. आज "त्रेचाळीस!" असं ओरडले की तळघर घुमलं.

घरी येऊन वेंडेलला सांगितलं. तो हल्ली दुपारी काझमेरकडे, म्हणजे धाकट्या भावाकडे, पत्ते कुटायला जातो. अंधार पडायच्या आत घरी. द्राक्षमळ्यातल्या वाटेवर दिवे नाहीत आणि डोळे असे. "पंडितीणबाई खूश दिसतात," म्हणाला. "खूश आहेस ना?" दोनदा विचारलं. होय म्हटलं. तीस वर्षांत पहिल्यांदा.

२ नोव्हेंबर

काल सर्व संतांचा दिवस. कबरस्तानात शेवंतीची फुलं ठेवली, सासऱ्यांच्या दगडापुढे दिवे लावले. वेंडेल दगडाकडे बघत म्हणाला, "इथे अजून एकाची जागा आहे." म्हटलं, सणासुदीला असलं काय बोलतोस.

फुगवटा एकोणचाळीसवर आला आहे. हळूहळू उतरतोय. महिनाभर माझी मीच विचार करतेय आणि उत्तर एकच दिसतं: शेजारच्या पापुद्र्यावरचं जे काही आहे ते दूर चाललं आहे. जादा मितीच्या दिशेने. लांब जाणाऱ्या माणसाचा आवाज जसा बारीक होतो तसं. उतरण माझ्या समीकरणात चपखल बसते. गेलेर्ट म्हणतो, कुठलीही उतरण कुठल्याही समीकरणात बसते.

वेंडेल आलुबुखारचा जॅम द्यायला आला होता. अठ्ठ्याहत्तर. "काय रे, उपास करतोस?" तर म्हणे डॉक्टरांनी साखर कमी करायला सांगितली. मग जॅम कुणासाठी, म्हटलं. "तुमच्यासाठी." गेलेर्टने बोटाने चाटून अर्धी बरणी संपवली.

२१ नोव्हेंबर

तीन दिवस फुगवटा नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही, आज नाही. रेघ मेल्यासारखी पडून आहे. गावाच्या टोकाला डांबर घालणारा रोलर चालू आहे, त्याच्या हादऱ्यांनी बुजला असेल असं गेलेर्टला सांगितलं. त्यावर माझाच विश्वास नाही. गेला असेल. दिसला, थोडा वेळ थांबला आणि गेला. मी एकसष्ट वर्षांची आहे, मला दुसरा मिळणार नाही.

वेंडेल बहिणीकडे डेब्रेत्सेनला तीन दिवस राहून संध्याकाळी आला. थकलेला, रंग उडालेला, बहीण जागरणं करवते म्हणाला. मी भांडी घासत होते आणि रडू फुटलं. आवरेच ना. तो ओल्या हातांसकट मला धरून उभा राहिला.

"उद्या येईल गं," म्हणाला.

"तुला काय कळतं त्यातलं?"

"काही नाही. पण येईल."

२२ नोव्हेंबर

आला! साडेछत्तीस. घरी जाऊन वेंडेलला म्हटलं, तुझ्या तोंडात साखर पडो. तर म्हणतो साखर मना आहे.

२८ नोव्हेंबर

गेलेर्टशी जोरदार भांडण. फुगवट्यावरच्या आमच्या शोधनिबंधावर सही करणार नाही म्हणतो.

"तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात, एमोके. हा आधी दोन मिनिटं लवकर संपायचा, आता एक. हा ताऱ्यांबरोबर चालत नाही, सूर्याबरोबर चालतो. दिवस बुडाला की घरी जातो. ही कोंबड्यांची सवय झाली, विश्वाची नव्हे."

"मग तूच सांग काय आहे."

"इथलंच काहीतरी. शेजारचं तळघर एकदा उघडून बघू."

"त्याची किल्ली माझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला आहे. तीन वर्षांत तिच्यावरची धूळ हललेली नाही."

हे कालचं. तरी माझ्या समाधानासाठी काल रात्री जेवताना वेंडेलला विचारलं. "तिथे?" म्हणाला. "कोळी असतील. त्यांना वजन करवून घे." आज गेलेर्टला हे सांगितलं. तो म्हणाला, वेंडेल म्हणत असेल तर ठीक. त्याने विषय सोडला, पण मी सोडला नाही. राग आला की माझ्या जिभेला हाड राहत नाही. म्हटलं, तुला घर आहे, नातवंडं आहेत, तुला शंका परवडतात. माझ्या घरी पत्ते कुटणारा एक माणूस आहे, ज्याच्याशी मी महिनोन् महिने धड बोललेले नाही. आयुष्यात माझ्याकडे आपणहून काही आलं असेल तर हा फुगवटा. तोही तू मला लाभू देणार नाहीस का?

त्याने वही मिटली आणि टोपी घालून गेला. भिंतीशी रेघ अजून चढलेली होती, पस्तीसच्या वर. मी तिच्याकडेच बघत बसले.

९ डिसेंबर

साडेचौतीस.

वेंडेल गेलेर्टची समजूत काढायला म्हणून आला होता. वजनकाट्यावर एकोणसत्तर. मी म्हटलं काटा बिघडला. प्रमाण-वजनं आणून तपासला, दोनदा. काटा बरोबर आहे. "बघ," मी त्याला म्हटलं, "तूच वाळलायस." तो म्हणाला, "शाब्बास, सिद्ध झालं." निबंध पाठवला की त्याला नीट खाऊपिऊ घालायला हवं. पट्ट्याला नवं भोक पाडलंय त्याने, खिळ्याने.

१३ डिसेंबर

संत लुत्साचा सण. फुगवटा आज कालच्याच वेळेला संपला. लवकर सरकणं थांबलं.

२० डिसेंबर

आता उलटा फिरलाय. रोज थोडा उशिरा. सूर्यही आता थोडा उशिरा मावळतो, गेलेर्टने नुसतं कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवलं. त्याच्या न बोलण्यापेक्षा शिव्या बऱ्या. दिवसभर बसून समीकरणात एक पद वाढवलं. बसतं. मला स्वतःचीच थोडी किळस आली, पण बसतं.

२५ डिसेंबर

निबंध काल पाठवला. एकटीच्या नावाने.

अक्रोड भरलेली गोड पावाची गुंडाळी केली होती. वेंडेलने एक तुकडा ताटात इकडून तिकडे फिरवला. नाताळाच्या दिवशी दुपारी कोटाची बटणं लावून निघाला. म्हटलं, आजसुद्धा पत्ते? काझमेरची बायको लाटणं घेऊन मागे कशी लागत नाही? दाराची चौकट धरून थोडा थांबला. "तू नाही का निघालीस?" हे मात्र खरं. मीही निघालेच होते.

एकतीस आणि थोडं.

९ जानेवारी

एकोणतीस. गेल्या आठवड्यात रेघ थरथरत होती, आज शांत. संस्थेकडून फोन: निबंधामुळे समिती पुन्हा विचार करेल. तळघर कदाचित वाचेल. वेंडेलला सांगायला धावत घरी आले तर तो कोटासकट खाटेवर आडवा. डोळे उघडून म्हणाला, "वाचलं? मग झालं."

१० जानेवारी

सकाळी न्हाणीघरात पडला. रुग्णवाहिका. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन असं काही सांगितलं जे त्यांच्या मते मला माहीत होतं. जठर. ऑगस्टपासून.

ऑगस्टपासून.

११ जानेवारी

दवाखान्यातून दोन तासांसाठी तळघरात जाऊन आले. असं का केलं ते मला विचारू नये, मीही विचारत नाही. फुगवटा नाही. कालपासून नाही. गेलेर्ट म्हणाला, जा, इथे काही नाही.

वेंडेलने डोळे मिटूनच विचारलं, "आला होता?" मी हो म्हटलं. त्याने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, बराच वेळ, आणि हसला. मला वाटलं औषधाचं हसू.

१७ जानेवारी

गेला. पहाटे पाचला. मी हात धरला होता. हलका होता हात.

२४ जानेवारी

काझमेर आला. टोपी हातात, खुर्चीच्या कडेवर. मी म्हटलं, तुझ्याकडे तरी पत्ते खेळताना त्याला बरं वाटायचं ना? तो रडायला लागला.

"वहिनी, पत्ते कुठले. माझ्याकडे एक डावही झाला नाही."

"मग कुठे जायचा?"

"बापाच्या तळघरात. माझ्याकडची किल्ली घेऊन गेला सप्टेंबरात. डॉक्टरांनी आता उपाय नाही म्हणून सांगितलं त्याच्या तिसऱ्या दिवशी. तुझं जानेवारीपर्यंतचं काम होऊ दे मग सांगतो म्हणायचा, शपथ घातली मला. भिंतीजवळ बसायचा. ते हवेचं भोक आहे ना दोन्हीकडे एकच, त्यातून तुझा आवाज येतो म्हणे. आकडे म्हणतेस ना तू."

मी त्याच्या हातातल्या टोपीकडे बघत राहिले.

"शेवटी चालवेना. मीच हाताला धरून न्यायचो. म्हटलं, दादा, घरी नीज, मरायला जातोस का तिथे. तर म्हणे, मी नाही गेलो की ती रडते. आणि मला आत पाऊल टाकू देत नव्हता हां. मळ्यातल्या बाकावर बस म्हणायचा, कितीही थंडी असो. तू जड आहेस म्हणे, तुझं वजन त्यांना कळेल."

२५ जानेवारी

उघडलं. अर्ध्या पिंपाची बैठक, तिच्यावर माझी जुनी शाल, थर्मास. बैठक भिंतीला टेकून आहे. तराजूपासून दीड मीटर.

मग वजनांची वही आणि फुगवट्यांची वही शेजारी ठेवली. दोन्हींत माझंच अक्षर. शहाऐंशी, त्रेचाळीस. अठ्ठ्याहत्तर, एकोणचाळीस. एकोणसत्तर, साडेचौतीस. दवाखान्याच्या कागदावर दाखल होतानाचं वजन अठ्ठावन्न आहे. आदल्या दिवशीचा फुगवटा एकोणतीस. दोनाने गुणायला शाळेत शिकवतात.

चार महिने मी नवऱ्याला झिजताना रोज मोजलं, कागदावर उतरतं वळण काढलं, आणि त्याला समीकरण जुळवलं. छान जुळलं होतं.

मला त्याचा राग येतो. मेलेल्या माणसाचा. त्याला कळत होतं. काझमेरला बाहेर बसवण्याइतकं कळत होतं. माझ्या तीस वर्षांच्या कामात त्याने स्वतःला भेसळीसारखं मिसळलं, कशासाठी, तर मी त्रेचाळीस म्हणून ओरडले तेव्हा खूश वाटले म्हणून. असं कुणी करतं का? मग रागावायला समोर कुणी नाही हे लक्षात येतं.

२९ जानेवारी

निबंध मागे घेतला. संस्थेने विचारलं, कारण काय नोंदवायचं. लिहिलं: भिंतीपलीकडे एक व्यक्ती बसत असे. उलट टपाली विचारणा, खात्री कशी केलीत? मग गेलेर्टने वाळूची पोती आणली, शहाऐंशी किलो, त्या बैठकीवर रचली. त्रेचाळीस. मग एकेक पोतं तो बाहेर नेत गेला, मी वाचत गेले. एकोणतीसच्या पुढे वाचता येईना. म्हटलं, पुरे, खात्री झाली.

शेजारच्या पापुद्र्याबद्दल, जादा मितीबद्दल कुणी विचारलं तर: तीस वर्षांत काही आढळलं नाही. असेलही, पण मला आढळलं नाही. आणि जे आढळलं ते ओळखलं नाही.

३१ जानेवारी

शेवटचा दिवस. दुपारी गेलेर्ट म्हणाला, बंद करू? म्हटलं, थोडं थांब, एक वाचन घे. सवयीने वजनकाट्यावर उभी राहिले. बासष्ट. त्याने वहीत लिहिलं. मग मी बाहेरून वळसा घालून वेंडेलच्या तळघरात गेले आणि त्याच्या जागी बसले. शाल पायांवर घेतली. गार होतं, दगडाला जुन्या वाइनचा वास आहे अजून.

आवाज खरंच येतो. गेलेर्टला मी मोठ्याने वाचायला सांगितलं नव्हतं, पण तो वाचत होता. "चार... सतरा... एकतीस. एकतीसवर थांबला." शब्दन् शब्द. मग खुर्ची सरकली, मग त्याने नाक शिंकरलं, आणि त्याला वाटलं असेल कुणी ऐकत नाही, स्वतःशीच पुटपुटला, "काय केलंस रे वेंडेल." तेही ऐकू आलं. पुटपुटणंसुद्धा येतं.

म्हणजे अठ्ठावीस नोव्हेंबरचं सगळं त्याने ऐकलं. त्या दिवशी रेघ चढलेलीच होती. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुन्हा आला होता, वहीत आहे, पस्तीसच्या वर.

उजेड होता तोवर बसले. मळ्यातली वाट दिसेनाशी व्हायच्या आत घरी आले.